माळ्यावरचं गाणं नव्या घरात नेताना

गिरगावातल्या मामाच्या चाळीच्या पुनर्विकासाचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. खोली रिकामी करायला गेलो तेव्हा माळ्यावरून उतरल्या दोन ट्रंका भरून जुन्या तबकड्या, एक खोकं एलपी म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड आणि साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेल्या चाळीसेक कॅसेटी. मामी म्हणाली, "रद्दीवाला खाली उभाच आहे. तूच काय ते सांग." पुढची तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तिथे माळा नाही. मामाचा चेहरा बघवत नव्हता.

हल्ली असाच प्रश्न ओळखीतल्या बऱ्याच जणांना पडतोय. लालबाग, परळ, दादर, सगळीकडे खोल्या रिकाम्या होताहेत. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा खर्चायचा तर एलपीवर खर्चा. रविवार खर्चायचे तर कॅसेटींवर. लाखेच्या तबकड्यांतल्या मोजक्या ठेवा. रोज ऐकायला मोबाइल आहेच, त्याची लाज वाटून घेऊ नका. आता यामागची कारणं.

लाखेची तबकडी की एलपी

मिनिटाला ७८ फेरे घेणारी, काळी, जड, हातातून सुटली की खळ्ळकन फुटणारी, ती लाखेची तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. गाणं संपताना ती इंग्रजीत म्हणते, "माय नेम इज गौहरजान." पुष्कळांना तो तिचा तोरा वाटतो. पण ती मेणाची मूळ मुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायची आणि तिथल्या कारागिरांना कोणतं गाणं कोणाचं हे कळायला हवं, म्हणून नाव सांगायची ती सोय होती. तोराही असेल थोडा, नाही असं नाही.

त्या तीन मिनिटांनी आपल्या गाण्याचं काय केलं ते बघा. मैफिलीत जो राग तास-दीड तास उलगडायचा, त्याचा अर्क काढावा लागला. विलंबितला, म्हणजे संथ लयीला, फाटा देऊन थेट द्रुतात, जलद लयीत, शिरायचं, ताना दाटीवाटीने बसवायच्या आणि बाजूचा माणूस वेळ संपल्याची खूण करायच्या आत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. काहींना हे जमलंच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकताना मात्र तीन मिनिटं अपुरी वाटत नाहीत. नाटकाच्या पदांची गोष्ट आणखी मजेची. थिएटरात बालगंधर्वांना वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे आणि एकेक पद लांबत जायचं. तबकडीवर तेच पद एका दमात आटोपलेलं. पुढच्या पिढ्यांनी मग हे आटोपलेलं रूपच मूळ म्हणून पाठ केलं. आजही नाट्यसंगीताच्या स्पर्धेत मुलं तबकडीतल्या जागा हुबेहूब घेतात, ते त्यामुळेच.

सुरुवातीच्या मुद्रणाला वीज नव्हती. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून खडा आवाज लावायचा. डग्गा आणि तंबोरा त्यात जवळजवळ बुडून जायचे. पाश्चात्त्य देशांत १९२५ पासून आणि त्यानंतर थोड्याच काळात आपल्याकडेही मायक्रोफोन आला. हळुवार गळ्यालाही मग तबकडीवर जागा मिळाली. आपलं भावगीत त्याच जागेत वाढलं. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली. असं गाणं नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचं नसतं, कानाशी सांगायचं असतं. तीन मिनिटांत सुरू होऊन तीन मिनिटांत संपणं हा भावगीताचा स्वभावच होऊन बसला, असं मला वाटतं.

एलपी आली १९४८ साली. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. किशोरीताईंची एक एलपी घ्या, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपाची बाजू लावली की आलाप घाई करत नाही. मैफिलीएवढा पसारा त्यात नाही, हे खरं. पण त्यातली 'सहेला रे' ही बंदिश, तिचं गाणं कुठून येतं आणि कुठे जातं ते दिसायला पुरेसा वेळ आहे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला एलपी रुचते ती याच वीस मिनिटांमुळे. सुईचा 'उबदार' आवाज वगैरे मी फारसं मनावर घेत नाही.

आता यंत्राचा हिशेब. हा नीट समजून घ्या, कारण इथेच फसगत होते. तबकडीची खाच रुंद असते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अरुंद असू शकते. एलपीची सुई तबकडीवर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी लोळत जाते आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकू येते. शिवाय आज नवे मिळणारे बरेचसे टर्नटेबल ३३ आणि ४५ वरच थांबतात, ७८ त्यांना माहीतच नसतो. म्हणजे तबकड्यांसाठी ७८ चा वेग असलेलं यंत्र हवं आणि वेगळी जाड सुईही हवी. उलटा प्रयोग तर चुकूनही करू नका. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन शंभर ग्रॅमहून जास्त भाराने खाली बसते, चांगल्या टर्नटेबलची सुई दोन-तीन ग्रॅमने. त्या पिनेखाली एलपी गेली की एका फेरीत तिचं मातेरं.

चावीचा ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभतो, यात वाद नाही. पण चोरबाजारात पितळी कर्णा चकाकताना दिसला तर हुरळू नका. मी हुरळलो होतो. दुकानदाराने "साहेब, अस्सल ब्रिटिश पीस" म्हणून जो दिला त्याचं खोकं नवं, कुत्र्याचं चित्र नवं आणि आतली मोटर कुठल्याशा पोर्टेबलमधली. घरी आणून पद लावलं, शेजारी पेटी घेऊन बसलो. सुरुवातीला काळी एकशी जुळणारा सूर अंतऱ्यापर्यंत पांढरी एकवर उतरला. स्प्रिंग दमत होती. ७८ चे साडेत्र्याहत्तर फेरे झाले की सूर अर्ध्या पट्टीने खाली येतो, इतकं साधं गणित आहे. तेव्हापासून कुठलंही यंत्र घ्यायला जाताना मी मोबाइलवर तंबोऱ्याचं अॅप घेऊन जातो. शिवाय पोलादी पिन दर बाजूला बदलायची असते. ती काटकसरीने दोनदा वापरणाऱ्याने आपली तबकडी स्वतःच खरवडली असं समजावं.

वजनाचंही सांगतो. पन्नास तबकड्या म्हणजे दहा किलोंच्या आसपास भार. एलपी हलक्या, पण आकाराने मोठ्या. दोन्ही उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरांवर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर, दोन्ही पाळा. पुसायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एलपी साफ करायला लोक आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, तेच लाखेच्या तबकडीवर लावलंत तर लाख विरघळायला लागते. तिला डिस्टिल्ड पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडकं, तेही मधलं लेबल कोरडं ठेवून. आणखी एक, चाळीच्या लाकडी जमिनीवर कोणी धपधप चालत गेलं तरी सुई उडते. नव्या इमारतीत ही कटकट तरी संपेल.

म्हणून मी मामाला म्हटलं, एलपी सगळ्या ठेव. त्यांच्यासाठी बरा टर्नटेबल घेऊ, झाकणात स्पीकर असलेला बॅगेसारखा स्वस्तातला नको, त्याचा हात जड असतो. तबकड्यांतल्या मात्र तुझ्या वडिलांनी स्वतः घेतलेल्या दहा-बारा निवड. बाकीच्या तडकलेल्या नसतील तर रद्दीवाल्याला न देता संग्राहकांना दे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, अशा मंडळींना यादी दाखवावी. कुठली तबकडी दुर्मीळ आणि कुठली घरोघरी पडलेली, हे लेबल आणि क्रमांक बघून ते सांगतात. आपल्याला मौल्यवान वाटते ती बऱ्याचदा सामान्य निघते.

सीडी आणि मोबाइल

सीडी १९८२ ची. आवाज स्वच्छ, एका चकतीत चौऱ्याहत्तर मिनिटं आणि मधे बाजू उलटायला उठावं लागत नाही. आज ती वाजवायला घरात प्लेयरच नाहीत, लॅपटॉपमधूनही ती खाच गेली. असतील त्या संगणकात उतरवून घ्या आणि चकत्या एका पाउचमध्ये ठेवा. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

मोबाइलवरच्या स्ट्रीमिंगला नावं ठेवणं ही आता फॅशन झालीय. मला विचाराल तर घरातल्या आईला सकाळी अभंग ऐकायचे असतील तर त्याहून सोयीचं काही नाही. मोबाइल हाताळायचा कंटाळा असलेल्यांना आधीच गाणी भरून येणारा रेडिओसारखा डबाही पुरतो. तक्रारी आहेत त्या वेगळ्या. तबकडीच्या लेबलावर राग, ताल, कधीकधी नाटकाचं नावही असायचं. एलपीच्या पाठीवर तबल्याला कोण, पेटीला कोण, हे छापलेलं असायचं. मोबाइलवर 'क्लासिकल व्होकल' एवढंच. रागाचं नाव चुकीचं, साथीदार गायब. शिवाय स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं तीस सेकंद ऐकलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. म्हणून नव्या गाण्यांची प्रस्तावना आखडत चाललीय, वाद्यांचा लांब तुकडा कोणी आधी लावत नाही. पूर्वी तीन मिनिटांच्या मापाने गाणं बेतायचे, आता अर्ध्या मिनिटाच्या.

कॅसेट

फिलिप्सने ही १९६३ मध्ये काढली, आपल्याकडे तिचा पूर आला ऐंशीच्या दशकात. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे एका मोठ्या कंपनीची मर्जी लागायची. कॅसेट कोणीही काढू शकत होतं, निदान थोड्या भांडवलात. भीमगीतं, कोळीगीतं, शाहिरी, गावच्या जत्रेतली भजनं, असं किती काय गल्लीबोळांतल्या टपऱ्यांवर आलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरांत गेला तो अशाच कॅसेटींवरून. यातलं बरंच काही पुन्हा कोणी काढलेलं नाही, म्हणून छोट्या कंपन्यांच्या कॅसेटी फेकण्याआधी नाव टाकून शोधा.

आवाजाच्या बाबतीत कॅसेट सगळ्यांत डावी. पट्टी जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, मागे सतत सुस्कारा. पण रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो आणि कॅसेटवर मुद्रण घरी करता येतं, यातच सगळं आलं.

केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची. तिच्या प्रती पृथ्वीवर हव्या तितक्या आहेत. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये याच मुंबईत गेले, त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. पिशवीत हात घालताना मी हे मनात ठेवतो. ज्याच्या प्रती दुसरीकडे आहेत ते सोडता येतं. ज्याची एकच प्रत आहे ते आधी वाचवायचं, मग ते कितीही खरखरीत असो.

छापील वेष्टनाच्या कॅसेटी बाजूला काढा आणि बॉलपेनने नाव लिहिलेल्या वेगळ्या करा. या दुसऱ्या ढिगाला सर्वांत आधी हात घालायचा. वाजवण्याआधी प्रत्येकीच्या पाठीच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही मुद्रित होणार नाही. कॅसेट वाजवायचा डेक जुना पण चांगला शोधा, कारण यूएसबीवाले खेळण्यासारखे प्लेयर सूर हलवतात. जुन्या डेकमधला रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झालेला असतो, तो लॅमिंग्टन रोडला बदलून मिळतो. डेकचं हेड मात्र त्याच आयसोप्रोपिलने कापसाच्या काडीने पुसायचं, इथे ते चालतं. मग तार संगणकाला जोडा, ऑडेसिटी हे आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर उघडा आणि फाइल वॅव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली, ठेवा, एमपीथ्री नंतर हवी तर करा. यात झटपट काही होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटं लागतात.

मामाच्या पिशवीतली पहिली निघाली 'गणपती ८७, पटांगण' अशी. ठक ठक ठक, कोणीतरी हातोडीने तबला चढवतंय. कुठल्या तरी खोलीतून कुकरची शिट्टी. मग मामाच्या वडिलांचा आवाज, "अरे, माईक त्याच्यासमोर ठेव, माझ्यासमोर काय ठेवतोस?" त्यानंतर 'वद जाऊ कुणाला शरण', पट्टी जरा वरचीच लागलेली. मामी ओट्यापाशी उभी राहिली ती तिथेच. रद्दीवाला तेवढ्यात वर येऊन दोनदा बेल वाजवून गेला.

ए बाजू उतरवून झाली. बी लावली आणि डेकचा पट्टा तुटला. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.