हाय-लेग डेल्टावर सोलर: वर्षभराच्या वापरानंतर

इन्व्हर्टर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तसं वाटायचं नाही.

न्यू जर्सीत आमचं मसाले दळायचं छोटं युनिट आहे. इमारत जुनी, म्हणून सप्लाय हाय-लेग डेल्टा. ए, बी, सी या तीनपैकी कुठल्याही दोन फेजमध्ये २४० व्होल्ट; न्यूट्रलशी मोजलं तर ए आणि सी ला १२०, बी ला मात्र २०८. बी च्या वायरवर नारिंगी टेप, आणि पॅनलमध्ये सिंगल-पोल ब्रेकरची दर तिसरी जागा, म्हणजे बी ची, रिकामी. तिथे फ्रिज जोडला की फ्रिज गेलाच.

बाजारातले बहुतेक थ्री-फेज इन्व्हर्टर २०८ किंवा ४८० च्या स्टार सप्लायसाठी, म्हणजे जिथे न्यूट्रलशी तिन्ही फेज सारख्याच भरतात. त्यामुळे पहिल्या कंत्राटदाराने मध्ये ट्रान्सफॉर्मर सुचवला. म्हणजे रात्री सोलर बंद आणि हा पठ्ठ्या गुणगुणत आमचीच वीज खाणार! नको म्हटलं. २४० व्होल्टचे सिंगल-फेज इन्व्हर्टर ए आणि सी या दोन फेजवर घेतले. खांबावर एक थोरला, एक धाकटा असे दोनच ट्रान्सफॉर्मर. परवानगीही थोरल्यावरची, म्हणजे ए-सी चीच मिळाली. चक्की तिन्ही फेजवर, मग बी ची वीज विकतच घ्यावी लागणार, असं तेव्हा वाटायचं. तसं होत नाही. वीज कंपनीचं मीटर तिन्ही फेजची बेरीज करतं, बिल त्या बेरजेवर येतं.

मध्यंतरी सर्व्हिसला नवा माणूस आला. ‘लोड बॅलन्स करतो’ म्हणत त्याने एक इन्व्हर्टर ए-बी वर हलवला. आता हे मॉडेल न्यूट्रलही तपासतं. एका बाजूला १२०, दुसरीकडे २०८ दिसल्यावर ते एरर देऊन गप्प बसलं. त्या माणसाचं निदान: इन्व्हर्टर गेला, वॉरंटीत बदलू, मजुरी तुमची. मल्टिमीटर लावून २०८ दाखवले, तर म्हणे तुमचं मीटर खराब असेल! शेवटी वायर परत सी वर घ्यायला लावली. ग्रिड तपासायचा पाच मिनिटांचा थांबा संपला आणि इन्व्हर्टर मुकाट सुरू झाला.

पण माझा खरा राग इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर आहे. बी च्या सीटीवरून (वायरभोवती बसवलेल्या, करंट मोजणाऱ्या सेन्सरवरून) अँपिअर बरोबर येतात, पण अ‍ॅप त्यांना १२० नेच गुणतं. न्यूट्रलच्या हिशेबाने चक्कीच्या मोटरची निम्मी वीज या एकट्या बी वरून जाते, म्हणून मोटरचा खप साधारण पाचवा हिस्सा कमी दिसतो. सपोर्टचं ठरलेलं उत्तर: सेटिंगमध्ये थ्री-फेज निवडा. तिथे पर्याय दोनच, २०८ स्टार आणि ४८० स्टार. हजारो डॉलरचं यंत्र, आणि गुणाकार येत नाही!

इन्व्हर्टरला पाचपैकी चार, अ‍ॅपला एक, तोही ग्राफचे रंग बरे आहेत म्हणून. हाय-लेग असेल तर घेण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: जोडणी ए-सी वरच होईल, आणि मॉनिटरिंग बी चे २०८ व्होल्ट मोजेल. सर्व्हिसवाल्याचं बिल आलंय. वायर हलवायची मजुरी दोनदा लावलीय, जातानाची आणि येतानाची. एकही भरणार नाही.