गिरणीतला फोन आणि खडेबाजारातलं भिंगवालं दुकान

येळ्ळूरला आमची पिठाची गिरणी आहे. गणपतीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे मोदकाच्या पिठासाठी बायकांची रांग आणि बाहेर पावसाची झड. नेमका तेव्हाच फोन चार्ज व्हायचा बंद झाला. वायर घातली की विजेचं चिन्ह यायचं, हात काढला की जायचं. वायरीला पीळ देऊन, वर मिठाचा डबा ठेवून झोपायची. सकाळी बघावं तर अकरा टक्के. निम्मे लोक दळणाचे पैसे आता फोनवरच टाकतात. आले की नाही बघायला फोन जिवंत पाहिजे की नको?

घरी काय काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. फुंकर मारली. तोंडाची वाफ लागून आतलं पीठ आणखी घट्ट बसलं. मग सेफ्टी पिनने उकरलं. मग एकदा ‘पोर्टमध्ये (म्हणजे वायर घालायच्या भोकात) ओलावा आहे’ असा इशारा आला, तर जाऊ म्हणाली, तांदळात ठेव. तांदळाला आमच्यात काय तोटा, पोतीच्या पोती उभी आहेत. ठेवला रात्रभर. ओलावा होता तिथेच राहिला, वर कोंड्याची धूळ आत गेली ती वेगळीच. पुण्यातला मुलगा म्हणाला, “आई, नवीन घे.” चौदा हजारांचा फोन, दीड वर्षसुद्धा झालेलं नाही, म्हणे नवीन घे.

बस धरून बेळगाव गाठलं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना तिकीट पडत नाही, नुसतं आधार दाखवायचं. पण कार्ड घरी आणि त्याचा फोटो बंद फोनात, म्हणून त्या दिवशी पैसे मोजले. आधी एका चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने वायर घालूनसुद्धा बघितली नाही. “पोर्ट गेलंय मावशी, अठराशे.” “उद्या येतो,” म्हटलं आणि बाहेर पडले. (आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात, पुण्याची सून अजून हसते.)

मग भिंगवाल्याकडे गेले. हे दुकान खडेबाजारातून आत एका बोळात आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दिव्याचं भिंग आणि मागे लोंबणाऱ्या वायरी. मालक माझ्याशी मराठीत, पोराशी कन्नडमध्ये. “स्वल्प तडीरी,” म्हणाला, म्हणजे जरा थांबा. ते स्वल्प पन्नास मिनिटांचं झालं, आणि बसायला स्टूलही नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

पण हात लावल्यावर त्याने जे केलं, त्यासाठी हे लिहितेय. आधी स्वतःचा चार्जर, स्वतःची वायर, आणि मध्ये बोटाएवढा मीटर. म्हणाला, बघा, व्होल्ट पाच येतायत, म्हणजे चार्जर ठीक आहे; पण अँपिअर ०.१२, म्हणजे फोनात वीज जेमतेम जातेय. मग नखाने दाखवलं, टोक पूर्ण आत जातच नव्हतं. “बसताना टक् असा आवाज यायला पाहिजे. येतोय काय?” येत नव्हता. फोन बंद करून भिंगाखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. आत पांढरी वडी थापल्यासारखं पीठ. “मावशी, मोदक वळायचे काय याचे?” पिनेबद्दल मात्र बोलणी खाल्ली. आतल्या पातळ जिभेवर बारा पिना वर, बारा खाली, त्यात लोखंड घातलं की संपलं. त्याने टूथपिक ब्लेडने तासून चपटी केली, हळूहळू पोपडे काढले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रश फिरवला. सुकल्यावर मीटरवर १.६. टक् पण झालं.

वायर उलटी करून लावली, तर काहीच नाही! ही टाईप-सी वायर कशीही लावली तरी चालते, असंच मी समजत होते. चालते, पण चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतात ते एका पिनेवरून. वायर उलटली की ती ओळख जिभेच्या दुसऱ्या बाजूच्या पिनेवर जाते. माझी ती दुसरी पिन हिरवी पडली होती. आता हा म्हणेल पोर्ट बदला, असं वाटलं. तर म्हणाला, “एका बाजूने चालतंय तवर चालवा की.” वायरीच्या वरच्या अंगाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि शंभर रुपये घेतले.

दिवाळीत, भाजणीच्या गर्दीत, ती बाजूही गेली. परत त्याच्याकडेच. माझ्या फोनचं पोर्ट मुख्य बोर्डावर नाही, खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे, म्हणून साडेचारशेत आणि अर्ध्या तासात झालं. काही फोनांत ते मुख्य बोर्डालाच डाग देऊन जोडलेलं असतं, तिथे खर्चही वाढतो आणि धोकाही, हे त्याने आधीच सांगितलं. जुना बोर्ड माझ्या हातात दिला.

तक्रारी आहेत. बिल देत नाही, गॅरंटी तोंडी. दुपारी दोन ते चार शटर खाली, पाटी वगैरे काही नाही. मी एकदा बंद शटरसमोर उभी राहून आले. दुरुस्तीनंतर आठवड्यात मागच्या झाकणाचा कोपरा उचलला. फुकट चिकटवून दिला, पण एकदा उघडलेला फोन पाण्यापासून जपा, हे दुरुस्तीच्या वेळीच सांगायला हवं होतं. आणि स्क्रीन गार्ड गळ्यात मारायची सवय आहे. नको म्हणून सांगा, रागवत नाही.

त्याच्याकडेच पोर्टाला लावायची रबरी झाकणं मिळतात, दहाला एक. ओलं असताना लावायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. मी दोन घेतली. एक पहिल्याच आठवड्यात गिरणीत पडलं, कुणाच्या दळणातून गेलं ते अजून कळलेलं नाही.