दुकानाचा कॅमेरा घरून बघायचा: स्थिर आयपीव्ही४ की आयपीव्ही६?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मामांना दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) घरून बघायचाय. इंटरनेटवाला म्हणतो, स्थिर आयपीव्ही४ (इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा, न बदलणारा पत्ता) घ्या, जादा पैसे पडतील. भाचा म्हणतो, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) फुकट आहे की!

खर्चात भाचा बरोबर. आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं कोंबली जातात. राउटरमध्ये वॅनपुढे (म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्हीही त्या गर्दीत आहात. मग राउटरमधले पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) कितीही उघडा, बाहेरून कॅमेरा थेट दिसणार नाही.

आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता, पण खटपट जास्त. फायरवॉलमध्ये (बाहेरच्यांना अडवणाऱ्या राउटरमधल्या पहाऱ्यात) वाट करून द्यायची. राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो, म्हणून डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावायचं. बघणाऱ्याच्या फोनलाही आयपीव्ही६ हवंच. कित्येक जुने डीव्हीआर तर ते ओळखतही नाहीत. (डीव्हीआरचा मूळ पासवर्ड दोन्हीकडे आधी बदला.)

पुढची वर्षं आयपीव्ही६चीच, यात वाद नाही.

डीव्हीआर जुना आणि कुठल्याही नेटवरून बघायचं असेल, तर मुकाट्याने पैसे मोजा. कॅमेरे नवे घेताय, मोबाइलवर आयपीव्ही६ चालतंय आणि भाचा हाकेच्या अंतरावर आहे? मग पैसे वाचवा.