बाळंतपणानंतरचं वजन: सव्वा महिन्याची रीत की लगेच जिम?

बाळ, वार आणि गर्भजल मिळून प्रसूतीच्या वेळीच साधारण पाच-सहा किलो उतरतात. उरलेल्या वजनावरून घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, लाडू खा, पोट बांध, पडून राहा. मोबाइलवरची मंडळी म्हणतात, भात-तूप बंद कर आणि जिम लाव.

झोपेच्या बाबतीत मी डोळे मिटून आजीच्या बाजूने. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं असताना दिवसाला पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांमध्ये वर्षभरानंतरही किमान पाच किलो जादा वजन राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली. म्हणजे पहाटे उठून व्यायाम करण्यापेक्षा, दूध पाजून झालं की बाळाला ढेकर काढायला दुसऱ्याकडे द्यायचं आणि परत आडवं व्हायचं. माहेरी हे आपोआप होतं. स्वतःच्या घरी असाल तर ती पाळी बाळाच्या बाबांची. (ढेकर त्यांच्याही खांद्यावर निघते.)

खाण्यात मात्र दोघांचंही चुकतं. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. त्यामुळे 1200 कॅलरीचा डाएट चार्ट तिच्या कामाचा नाही. पण सकाळी डिंकाचा लाडू, मग अळिवाची खीर, भातावर तुपाची धार, चारला मेथीचा लाडू आणि ‘दूध यायला हवं ना’ म्हणून रात्री शिरा, एवढ्यात ते सहाशे केव्हाच ओलांडले जातात. दिवसाला एकच लाडू ठेवा. बाकी भाकरी, मुगाचं वरण, पालेभाजी, अंडं किंवा मासे. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी लाडवाचं आधी डॉक्टरांना विचारावं. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची काही घरांतली रीत सोडाच.

पोटपट्टीने आधार वाटतो, चरबी झडत नाही. साध्या प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत घरातल्या घरात चालायला आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे (लघवी रोखताना आवळतात ते) व्यायाम करायला हरकत नसते. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून. क्रंचेसची (उताणं झोपून खांदे उचलायच्या व्यायामाची) घाई नको. आधी तपासून बघा: उताणं झोपून डोकं किंचित उचला. बेंबीच्या रेषेत उभा उंचवटा आला, तर पोटाचे स्नायू अजून फाकलेले असू शकतात. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पुढे हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं जमलं तरी पुष्कळ झालं, आणि त्याला जिम लागत नाही. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा वेगाने वजन उतरवायचा नाद नको. जिमच्या फीचे पैसे हाताशी असतील तर मी आधी पोळ्यांना बाई लावेन. तेवढाच तास झोपायला मिळतो.

नीट खाऊन, चालूनही वजन वाढतच असेल आणि थकवा जात नसेल, तर कुठलाही पक्ष धरण्याआधी थायरॉइड तपासून घ्या.