आजीच्या नऊवारींची वाकळ: फोंड्याच्या बाजारातलं एक दुकान

हाताने शिवलेली वाकळ हवी असेल तर हे दुकान चांगलं. क्रोशाचे रुमाल चौकटीत बसवून हवे असतील तर समोर उभं राहून करून घ्यायची तयारी ठेवा. कापडावर मराठीत नाव भरून हवं असेल तर दुसरीकडे जा.

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात, ब्लाउज शिवणाऱ्या दोन टेलरांच्या मधे हा गाळा आहे. घरातली आजी गेली की तिच्या नऊवारी, तिने विणलेले रुमाल, अर्धवट राहिलेला कशिदा असं बोचकं घेऊन लोक इथे येतात आणि 'यातून काहीतरी आठवणीचं करून द्या' म्हणतात. दुकानातली मावशी लगेच टेप काढत नाही, हे पहिलं बरं लक्षण. ती बोचकं सतरंजीवर सोडते आणि रुमाल दोऱ्याच्या जाडीप्रमाणे ओळीने लावते. 80 आणि 60 नंबरच्या बारीक दोऱ्याचे आधी, मग 40, मग 20, शेवटी 10 नंबरचे. नंबर मोठा तितका दोरा बारीक. बहुतेक घरांत ही ओळ वयाचीच निघते. सुरुवातीच्या रुमालांत साखळी आवळ आणि खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, एका उंचीचे असतात. डोळे अधू झाले की दोरा जाड होतो, बोटं आखडली की खांब सैल आणि कमीजास्त पडतात. शेवटचा वाकडातिकडा रुमाल लोक लाजून बाजूला सारतात. मावशी तो परत ओळीत ठेवते. नऊवारीही अशाच वाचता येतात. कासोटा जिथे खोचला जायचा तिथे सूत विरलेलं, निऱ्यांच्या खालच्या काठाला रफू, आणि रफूच्या दोऱ्याचा रंग काठाशी जुळवलेला. असं रफू वाकळीत दर्शनी बाजूला घ्या असं आपण सांगायचं, नाहीतर कारागीर सवयीने ते आत दडपतात.

आता हिशोब, कारण इथेच लोक फसतात. नऊ वार म्हणजे 27 फूट. पन्हा 45 इंचांचा धरला तर पाच-पाच फुटांचे दोन तुकडे काठाला काठ जोडून 5 × 7.5 फुटांचा एक थर होतो. म्हणजे एका नऊवारीतून दोन थर आणि वर सात फूट कापड उरतं. तीन नऊवारींत सहा थर बसतात. गोव्याच्या थंडीला एवढे पुरे, वजन दोन किलोच्या आसपास. आठ थरांच्या वर गेलात तर सुई अडते आणि टाका मागच्या बाजूला नीट उमटत नाही. सहावारीतून दीडच थर निघतो, तेव्हा 'तीन साड्या दिल्या, वाकळ पातळ का' असं विचारू नका.

प्रत्येक थराचा सांधा मधोमध आला की सहा थरांचे काठ एकावर एक बसतात आणि वाकळीच्या मध्यावर वरंबा तयार होतो. झोपणाऱ्याच्या पाठीला तो रोज टोचतो. चांगला कारागीर आतल्या थरांचे काठ कापून टाकतो आणि सांधा वीतभर इकडे-तिकडे सरकवतो. लांबीत पडलेली तूट उरलेल्या सात फुटांतून भरतो. हे दुकान तसं करतं, पण सांगितल्यावर. पावतीवर 'आतले सांधे मागेपुढे' असं लिहून घ्या.

कुठली साडी कुठे जाणार हे ठरवण्याआधी मावशी कापड आडवं ताणून बघते. चर्र आवाज आला तर ते वरच्या थराला नाही. जुन्या चंद्रकळेच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण जुना काळा रंग सुताला खातो. नक्षी शाबूत दिसते आणि जमीन बोटाने फाटते. अशी साडी दोन मलमलींच्या मधे घालून आतला थर करतात. लाल आणि गर्द जांभळ्या कापडाची वेगळी परीक्षा असते: पांढरं ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवायची. फडक्याला रंग लागला तर ती साडी रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळी धुवायची. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका. रेशीम आणि सूत एका वाकळीत घेऊ नका, दोन्ही सारखी आटत नाहीत. नायलॉन, टेरिकॉट घसरतं आणि टाक्यांत चुण्या पडतात. जरीची साडी तर झोपायच्या वाकळीत नकोच, ती झिजून टोचते. जुनं हातमागाचं लाल चौकटीचं कुणबी कापड घरात सापडलं तर त्याला कात्री लावू देऊ नका. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा चलनात आणली तरी जुनं विणलेलं कापड आता सहज हाती लागत नाही. ते अखंड ठेवा. इथली मावशी स्वतःच नाही म्हणते, तिला त्याचे गुण द्यायला हवेत.

शिवण हाताची. आधी थर जमिनीवर पसरून मधून बाहेर असे कच्चे टाके घालतात, मग कडेपासून आत चौकोनात धावदोरा. रांगांत बोटभर अंतर असेल तर एका वाकळीत दीडेकशे मीटर धावदोरा पडतो, आणि दोरा दुपदरी असल्याने तो त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. दोरा सुतीच हवा, मेणावरून ओढलेला. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण जुन्या सुताला तो करवतीसारखा कापतो आणि पुढे टाका राहून कापड जातं. कच्च्या टाक्यांत कंजुषी झाली की पहिल्या धुण्यानंतर आतले थर सरकून गोळे होतात. तयार वाकळ घेताना ती उजेडासमोर उभी धरा, गोळा असेल तर तिथे गडद डाग दिसतो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या वाकळीच्या, चारही कोपऱ्यांवर तुकड्यांच्या त्रिकोणी घड्यांचा 'फुला' लावतात, तसं इथे मागितलं तर करून देतात. कोपरा लवकर झिजत नाही, म्हणून शोभेपेक्षा उपयोगासाठी घ्यावा. काठाला मात्र हे लोक मशीनवर तयार पट्टी मारतात, ती चकाकते आणि कोपऱ्यावर फुगते. उरलेल्या साडीचीच पट्टी कापून हाताने घालायला सांगा, दोनशे रुपये जास्त पडतात.

हातशिलाईच्या वाकळीचे सव्वाचार हजार, मुदत पाच आठवडे, निम्मे आगाऊ. मशीनवर बाराशेत होते, पण थर कडक बसून ती पुठ्ठ्यासारखी होते. त्यापेक्षा साड्या घडी करून ठेवलेल्या बऱ्या.

आता क्रोशा. रुमाल वाकळीवर शिवून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. पायाच्या बोटात साखळी अडकते, एक धागा तुटतो आणि तिथून वीण सुटत जाते. दुकान चौकटीचा पर्याय देतं आणि गडबड तिथेच आहे. पोऱ्या रुमाल मशीनखाली सरकवतो. सुई दोन खांबांच्या मधून गेली तर ठीक, खांबातून गेली तर धागा चिरतो. ते त्या दिवशी दिसत नाही, पुढे भोक पडतं. रुमाल हाताने, त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने, फक्त कडेच्या खांबांच्या डोक्यावर टाचायचा. मागे गडद सुती कापड, त्यामागे साधा हार्डबोर्ड नको, त्याने सूत पिवळं पडतं. काच रुमालाला टेकता कामा नये. आपल्याकडच्या पावसात काचेला आतून दव धरतं आणि टेकलेल्या जागी काळे ठिपके पडतात. चौकटीच्या आतल्या कडेला लाकडी पट्टी मारून अर्ध्या इंचाची पोकळी ठेवायला सांगा.

रुमाल देण्याआधी घरी धुऊन घ्या. तुटलेला टाका आधी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात अडकवून ठेवायचा, मगच पाण्यात घालायचं. पिवळटपणाला क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर सूत कमजोर होतं आणि लोखंडी पेटीच्या गंजाचे डाग उलट पक्के होतात. गंजाला बिंबल या आंबट फळाचा रस चालतो, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल गंज सोडवतं. डागावर चोळून दहा मिनिटं, मग तीनचार पाण्यांत खळबळून काढायचं. आंबट राहिलं तर तिथलं सूत विरतं. खळ घालून ठेवू नका. खळीवर कसर येते.

नावाच्या पट्टीचं काम संगणकावर होतं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर तुटते, आणि 'स्मृतिप्रीत्यर्थ' या शब्दाचे जितके प्रकार तिथल्या नमुन्यांत आहेत तितके शुद्धलेखनाच्या वहीत सापडणार नाहीत. नाव घालायचंच तर दुसूतीवर घरी फुल्यांच्या टाक्याने भरा आणि तो तुकडा वाकळीच्या मागच्या कोपऱ्याला लावायला द्या.

काम दिवाळी ते शिगमो या काळात द्या. पावसाळ्यात सहा थरांची वाकळ आतून वाळत नाही, आणि दुकानाच्या माळ्यावर महिनाभर राहिली तर घरी येताना कुबट वास घेऊन येते. घरी वर्षातून दोनदा ऊन दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या धोतरात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

उरलेल्या तुकड्यांची पिशवी मागून घ्यायला विसरू नका. न मागता ते देत नाहीत, आणि पुढे ठिगळ लावायची वेळ आली की त्याच साडीचा तेवढाच जुना तुकडा लागतो.