हळदीच्या अडतीतून मानसशास्त्राच्या वर्गात: चौथ्या सत्रापर्यंतचा अनुभव

जुलै 2024 मध्ये मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. तेव्हा वय 39, शिक्षण बी.कॉम., आणि मागे सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाची चौदा वर्षं. आता चौथं सत्र चालू आहे. नोकरी करता करता हाच विचार डोक्यात घोळवणाऱ्या बऱ्याच बायका मला भेटतात आणि 'जमेल का हो?' विचारतात. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

मुळात मी इकडे वळले ती 2019 च्या पुरानंतर. पाणी ओसरल्यावर शेतकरी पट्टीचे पैसे घ्यायला दुकानात येत आणि पैसे मोजून झाले तरी खुर्चीवरून उठत नसत. पडलेल्या भिंतीचं सांगत, दावणीच्या म्हशीचं सांगत. मी हातातलं काम ठेवून ऐकायची आणि मग सांगायची, पंचनामा करून घ्या, अमक्या साहेबांना भेटा, जीव गेला नाही हे काय कमी आहे. जाताना म्हणत, 'ताई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं.' हे काम आपल्याला येतं अशी माझी खात्री झाली आणि पाच वर्षांनी त्या खात्रीवर मी पूर्णवेळ नोकरी सोडली. ते काम मला येत नव्हतं, हे या शिक्षणात मला सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट कळलं.

दुसऱ्या सत्रात समुपदेशनाचं प्रात्यक्षिक होतं. दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीने स्वतःची खरीखुरी पण झेपेल एवढी अडचण सांगायची, दुसरीने वीस मिनिटं ऐकायचं. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं. माझ्यासमोर जत तालुक्यातली बावीस वर्षांची मुलगी होती. मी रात्री स्वयंपाकघरात बसून रेकॉर्डिंग उतरवलं आणि हिशेबनीसाच्या सवयीने मोजदाद केली. वीस मिनिटांतली साडेअकरा मिनिटं मीच बोलत होते. 'तू असं कर' किंवा त्याच अर्थाचं वाक्य 23 वेळा आलं होतं, त्यातलं पहिलं चाळिसाव्या सेकंदाला. एके ठिकाणी ती म्हणते, 'आई आता फोनवर फारसं बोलत नाही,' आणि थांबते. त्या थांबण्यात माझा आवाज येतो, 'अगं, कामात असतील त्या.' ती 'हो' म्हणते आणि दुसऱ्याच विषयावर जाते. ते 'हो' मी तीन वेळा ऐकलं. दार उघडत होतं आणि मीच ते लोटून दिलं होतं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव सगळ्यांच्याच अभ्यासक्रमात असतं. समानुभूती, विनाअट स्वीकार, स्वतःचा खरेपणा हे त्यांचे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात. पण उपचाराची बोलणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा बारकाईने अभ्यास करायला सुरुवात करणाऱ्यांतही ते होते, आणि एका संपूर्ण उपचाराचं शब्दशः टिपण त्यांनी 1942 मध्ये छापलं होतं. माझा तो कागद हातात आल्यावर मला त्याचं मोल कळलं. आपण कसं ऐकतो याची आपली आठवण फार सोयीची असते, रेकॉर्डिंगला तशी सोय माहीत नसते.

तिसऱ्या सत्रात पुन्हा त्याच मुलीसमोर बसले. त्या वेळी एका वाक्यानंतर अकरा सेकंद कुणीच बोललं नाही. अकरा सेकंद किती लांब असतात ते बसून बघा. त्यानंतर ती जे बोलली ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

संख्याशास्त्राला घाबरू नका, एवढं मात्र ठासून सांगते. वर्गातली तरुण पोरं याच पेपरला रडतात आणि आपण इथेच भाव खातो. प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी यांतलं गणित जीएसटीच्या विवरणपत्रापेक्षा अवघड नाही. मला नमुना निवडीचा धडा तर यार्डातच कळला होता. सौद्याला व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो. वरवरची मूठ घेणारा फसतो, म्हणून जाणता माणूस तळातलं आणि मधल्या पोत्यातलंही काढायला लावतो. कॉलेजातल्याच शंभर मुलींकडून प्रश्नावली भरून घेऊन 'महाराष्ट्रातील युवती' असा निष्कर्ष काढणं म्हणजे वरच्या पोत्यातली मूठ. टी-चाचणीही अशीच कामातून निघाली आहे. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते. थोड्याशा नमुन्यावरून खात्रीने काय बोलता येईल हा त्यांचा रोजचा प्रश्न होता, आणि 1908 मध्ये त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने तो मांडला. हे वाचल्यावर मला वर्गात परकं वाटायचं बंद झालं.

भाषेचं मात्र खरंच जड जातं. पेपर मराठीत लिहिता येतो, पण चांगली पुस्तकं इंग्रजीतच. पहिले चार महिने मी एका पानाला अर्धा तास घेत होते. त्याहून मोठी अडचण प्रत्यक्ष कामात येते. मिरजेत एका दवाखान्याच्या मानसोपचार विभागात आम्हाला निरीक्षणासाठी बसवलं होतं. तिथे पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. झोपेच्या प्रश्नावर एक आजी म्हणाल्या, 'झोप लागते गं, पण अंगाला लागत नाही.' आता खूण कुठल्या चौकटीत करायची? बरोबरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'अंगाला लागत नाही म्हणजे सकाळी कसं वाटतं, आजी?' पुढची दहा मिनिटं आजी सकाळबद्दल बोलत होत्या. 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात भुंगा लागलाय', 'कशात मन रमत नाही' ही आपल्याकडची भाषा ज्याला येते त्याने या क्षेत्रात यायलाच हवं, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

आता व्यवहाराचं. एम.ए. झालं म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. ती पाटी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं शिक्षण आणि तिची नोंदणी लागते. प्रवेशाच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही. चौकशीच्या खिडकीवर 'पुढे क्लिनिक टाका की' एवढंच ऐकायला मिळालं, आणि खरं काय ते दुसऱ्या सत्रात कळलं तेव्हा आठवडाभर मला जेवण गेलं नाही. तुम्ही ते आधीच माहीत करून घ्या. औषधं लिहून देणं हे तर मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचंच काम. एम.ए.नंतर समुपदेशन, संस्थांमधलं काम, नेट-सेट देऊन शिकवणं हे रस्ते आहेत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले, त्यामुळे आशा वाढली आहे. पण निर्देश निघणं आणि जागा भरणं यांत अंतर असतं, तेव्हा त्या भरवशावर राजीनामा देऊ नका.

दुसरं म्हणजे, मी प्रवेश घेताना दूरशिक्षणाची वाट खुली होती आणि घरच्यांचा कल तिकडेच होता. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. म्हणजे आता वर्गात जाऊनच शिकायचं. नोकरदार माणसाला हे फार जड आहे आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. तरीही ते अकरा सेकंद घरी एकटीने पुस्तक वाचून मला मिळाले नसते. प्रवेशाआधी आणखी एक तपासा. काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, काही ठिकाणी बी.ए.ला मानसशास्त्र असावंच लागतं.

पैशाचं सांगायचं तर, माझा पगार 24 हजार होता. आता मालक संध्याकाळी आणि शनिवारी काम देतात, त्याचे 9 हजार मिळतात. फी, पुस्तकं, एसटीचा पास मिळून दोन वर्षांत पन्नास हजारांच्या आत भागेल. खरा खर्च तो नाही, गेलेला पगार हा खर्च आहे. मुलाची दहावी आणि माझं पहिलं वर्ष एकाच वेळी आलं. सासूबाईंनी सकाळचा डबा स्वतःकडे घेतला नसता तर पहिल्याच सत्रात मी परतले असते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, 'याने काय होणार?' अजून माझ्याकडे त्याचं रोख उत्तर नाही.

सध्या प्रबंधिका चालू आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पावसाळ्यात नदीकाठच्या घरांत हे आकडे तापाच्या आकड्यांसारखे विचारले जातात. पाणी वाढायला लागलं की या घरांतल्या बायकांची झोप, धडधड, सामान माळ्यावर चढवण्याची घाई यांचं काय होतं, ते मला समजून घ्यायचं आहे. मार्गदर्शक मॅडमनी माझी प्रश्नावली दोनदा परत केली. 'तुम्हाला पुराची भीती वाटते का' हा माझा प्रश्न त्यांनी खोडला, कारण उत्तर आधीच त्यात होतं. आता तिथे लिहिलंय, 'पाणी वाढल्याचं कानावर आलं की तुम्ही आधी काय करता?' मंगळवारी हरिपूर रस्त्यावरच्या पहिल्या चार घरी जायचं आहे.