धुळ्याहून मुंबई: दोघांनी पाहावं दूरदर्शन की खाजगी वृत्तवाहिनी?

तुम्ही आणि वहिनी मुंबईत टीव्हीच्या बातम्यांचा स्टुडिओ आतून पाहायचं म्हणताय; प्रश्न एवढाच, की दूरदर्शन केंद्रात जावं की खाजगी वाहिनीत. धुळ्याहून मालेगाव-नाशिकमार्गे मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघा. इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलात तर कसारा घाट टळतो (हा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला). भिवंडीच्या पुढे ट्रकांची रांग मात्र टळत नाही.

वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. सरकारी कारभार असल्याने आधी लेखी अर्ज हवा. शनिवार-रविवार धरू नका. पण तिथे घाई कमी, म्हणून एखादा तंत्रज्ञ निवांत समजावून सांगू शकतो.

खाजगी वाहिनी चोवीस तास धावते. आत ओळखीचं कुणी असेल तर काम लवकर होतं, मात्र मोठी बातमी फुटली की भेट रद्द. खरी गंमत पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात: भिंतभर पडदे, आणि तिथून बातमीपत्र चालवणारा पॅनेल प्रोड्युसर 'दहा सेकंद' म्हणतो ते निवेदिकेच्या कानातल्या इअरपीसमध्ये पोहोचतं. निवेदिकेला वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरची काच कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत तिरपी असते. खालच्या पडद्यावर अक्षरं उलटी, काचेत सुलटी.

दोन्हीकडे आधार कार्ड आणि बंद मोबाइल. वहिनींनी हिरवी साडी टाळावी: क्रोमाच्या भिंतीपुढे (हिरवी भिंत, जिच्या हिरव्या रंगाजागी दुसरं चित्र बसवतात) उभ्या राहिल्या की साडी गायब आणि अंगावर हवामानाचा नकाशा! बारीक रेघांचा शर्टही कॅमेऱ्यात लहरतो. स्टुडिओत एसी कडक, शाल ठेवा. भरीत-भाकरीचा डबा गाडीतच राहू द्या.

एकच जमत असेल, तर खाजगी वाहिनी, दुपारी तीनच्या सुमारास. संध्याकाळच्या बातमीपत्रांची धावपळ तेव्हा सुरू झालेली नसते.